हेमांगीच्या हळदीसाठी भंडाऱ्याला

भंडारा जिल्ह्यात जाणारे लोक तळी बघायला जातात, कुणी वैनगंगा बघायला, कुणी तांदूळ खरेदीला. मी एका बाईला बघायला गेले होते. ती दिसते कशी याच्याशी मला घेणं नव्हतं. ती गाते कशी, आणि त्यातही एका पदाच्या एका ओळीत नेमकं काय करते, एवढंच मला बघायचं होतं. तेवढ्यासाठी पुण्याहून गोंदियाच्या गाडीत बसून अंग आंबवून घेतलं. मैत्रिणी म्हणाल्या, हिला वेड लागलंय. वेड नव्हतं ते. सरळ सरळ मत्सर होता, आणि तो मला पुणं सोडतानाच चांगला ओळखू येत होता.

आधी थोडं मागचं सांगते. ‘संगीत हेमांगी’ हे नाटक आमच्या कंपनीनं बरीच वर्षं केलं. हेमांगी मी आणि पेटीवर आमचे हे. गोष्ट साधी आहे. राजा दुसरं लग्न करतो, आणि त्या घराण्याची रीत अशी, की नव्या राणीला पहिली हळद थोरलीनं लावायची. ती लावताना हेमांगी म्हणते:

उजव्या करी ही हळद तुझी गे, डाव्या करी मम मन,
एक लाविते तुझिया गाली, दुजे ठेविते झाकून.

या पदावर नाटक तरायचं किंवा बुडायचं. ‘हळद तुझी गे’ म्हणून मी थांबायचे, अगदी पुरती थांबायचे. तबलाही थांबायचा. फक्त पेटीवर यांनी धरलेला एकटा सूर राहायचा, आणि मग मी ‘डाव्या करी’ उचलायचे. त्या थांबण्याला पुण्यातल्या एका परीक्षकानं ‘अर्थगर्भ’ म्हटलं होतं. पुढे चार-दोन वर्षं मी त्या एका शब्दावर जगले म्हणा ना.

मग कंपनी बंद पडली. हे कुणाच्या तरी ओळखीनं झाडीत, म्हणजे भंडाऱ्या-चांद्याकडच्या धानाच्या मुलखात, पेटी वाजवायला जाऊ लागले. तिकडे दिवाळीपासून शिमग्यापर्यंत गावोगाव नाटकं होतात. पुरुषांची कामं गावातलेच शेतकरी करतात आणि बायकांच्या कामांना नागपूरकडून गाणाऱ्या बाया आणतात. तिथंही ‘हेमांगी’ चालतं, आणि झोकात चालतं, असं हे सांगायचे. चालू दे, मला काय, असं मी म्हणायचे.

पण गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी आम्ही दोघं सहज ते पद घेऊन बसलो. ‘एक लाविते तुझिया गाली’ म्हणून मी पुढचं ‘दुजे’ उचलणार, तर पेटी पुढे येईना. यांची बोटं ‘गाली’च्या सुरावर बसून राहिलेली, डोळे मिटलेले. ती बोटं कुणाची तरी वाट बघत होती. मी त्या ठिकाणी आयुष्यात कधी थांबले नव्हते.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही. हात चुकला,” हे म्हणाले आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले.

नवरा दुसरीकडे बघतो म्हणून बायका जळतात. ते मला परवडलं असतं. चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण पंचवीस वर्षं माझ्या गळ्यामागून चालणाऱ्या बोटांत दुसरीच कुणी बिऱ्हाड करून बसली होती. त्यावर भांडायचं तरी कसं? दिवाळी झाली, हे पेटी घेऊन गेले, आणि आठवड्यानं मीही, न कळवता, निघाले.

तुमसर

तुमसर रोडला उतरून गावात आलं की आधी वास येतो. राईस मिलमध्ये धान उकडत असतं, त्याचा गरम, ओलसर, किंचित आंबूस वास. पुण्यात आम्ही आंबेमोहोराच्या वासाचं कौतुक करतो ते वाटीभर तांदळापुरतं. इथं अख्खं गावच चुलीवर ठेवल्यासारखं वाटत होतं.

हे ज्यांच्या माडीवर राहायचे ते दामोधरजी धानाचे अडते. गोल चेहरा, पांढरी टोपी, तोंडात पान. मी दारात उभी राहून यांचं नाव सांगितलं मात्र, त्यांनी आतल्या बाजूला हाक दिली, “अवं सुगंधा, मास्तरीणबाई आल्या पाय!”

‘पाय’ म्हणजे ‘पाहा’, आणि मास्तर म्हणजे आमचे हे. ते दोन दिवसांपूर्वीच कंपनीबरोबर खेडोपाडी गेले होते, आणि आता परवा कोंढ्याला खेळ होता. सुगंधाबाईंनी मला काही विचारण्याआधी पाट मांडला. चिन्नोर तांदळाचा भात, वर लाखोरीच्या डाळीचं वरण, आणि डोक्याएवढ्या वांग्याचं तेलात माखलेलं भरीत. “पुण्यात भात किती खातेत तुमी?” त्यांनी विचारलं. मी मूठ दाखवली. त्यांना माझी खरोखर कीव आली.

संध्याकाळी ओसरीवर रामटेके गुरुजी आले. शाळामास्तर, उंच, सडपातळ, सायकलच्या क्लिपा पायजम्याला लावलेल्या तशाच. दामोधरजींचे हे जिवलग मित्र, आणि नाटकाच्या बाबतीत कट्टर वैरी.

“बाई, तुमाले नाटकाचा नाद आहे का?” दामोधरजींनी मला विचारलं.

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. तिसरा हंगाम चालू होता, हे दामोधरजींच्याच घरात राहत होते, आणि आपली बायको गाते एवढंही यांनी त्यांना सांगितलं नव्हतं! हेमांगी केली म्हणणं तर दूरच. अंगाचा तिळपापड झाला, पण “आहे थोडाफार,” एवढंच बोलले.

तेवढं पुरलं. दोघं मित्र बाह्या सरसावून बसले. त्या वर्षी झाडीत दोन हेमांग्या गाजत होत्या. एक बेबी मंदा, ती दुसऱ्या एका कंपनीत. दुसरी कौसल्याबाई, ती आमच्या यांच्या कंपनीत.

“बेबी मंदा हळद लावता लावता रडते जी,” दामोधरजी म्हणाले. “सारं गाव रडते. मी सोता धोतरानं डोळे पुसले.”

“रडू तं कांदा कापला तरी येते,” गुरुजी म्हणाले. “मले विचारान तं ते राजाची गोष्टच फालतू आहे. दोन बाया करते, अन् वरून एकीले दुसरीच्या अंगाले हळद लावाले लावते! आमच्या बाबासाहेबाच्या कायद्यानं आत टाकला असता त्याले. पण पद, बाई! त्या पदासाठी मी कुठंबी सायकल हाणतो. कौसल्याबाई रडत नाई. ‘हळद तुझी गे’ म्हणते, अन् थांबते. हात असा वरच्या वर. पेटी तेवढी चालू. मले सांगा, त्या टायमाले तिच्या मनात काय चालू असन?”

माझ्या कपातला चहा बशीत सांडला.

‘हळद तुझी गे’ नंतर! ती जागा माझी होती. उन्हाळ्यापासून मी समजत होते, की तिचं काहीतरी यांच्या बोटांत आलंय. इथं येऊन कळलं, की माझंही तिच्याकडे गेलंय. घरातली भांडी कुणी उचलून शेजारणीला द्यावीत, आणि शेजारणीकडे जेवायला गेल्यावर आपल्याच ताटात आपल्याला वाढलं जावं, तसं झालं.

“खरी हेमांगी या दोघीबी नाई,” दामोधरजी सांगत होते. “पयले आमच्या इथले बळीरामजी करे. पुरुष माणूस, पण लुगडं नेसला की बाया लाजे. तसं पद मंग झालंच नाई.”

“रेडिओवर एकदा ऐकलं होतं मी,” गुरुजी म्हणाले. “पुण्याची कोणती तरी बाई होती. गळा चांगला, पण कुठं थांबणं नाई, काई नाई. जनू पोरगं गणित सोडवून राहिलं, अन् मास्तर छडी घेऊन मागं उभा.”

रेडिओवर ते पद एकदाच झालं होतं. ती बाई मीच. मी बशीतला चहा निमूटपणे पिऊन टाकला.

बपेरा

दुसऱ्या दिवशी बपेऱ्याला मंडई होती आणि रात्री बेबी मंदाचं ‘हेमांगी’. कोंढ्याला जायला एक दिवस मध्ये होताच, तेव्हा “कौसल्याबाईच्या आधी बेबी मंदाबी पाहून घ्या” म्हणत दोघांनी मला एसटीत घातलं. सुगंधाबाई डब्यासकट बरोबर.

बपेऱ्याच्या पलीकडे नदी आणि नदीपलीकडे मध्य प्रदेश. तिकडचे लोक गुडघाभर पाण्यातून चपला हातात घेऊन मंडईला येत होते. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. गावच्या लेकी त्या दिवशी माहेरी येतात. दिवसा दंडार, म्हणजे तिकडचं नाचगाण्याचं लोकनाट्य, रंगते, उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग लागतात, जिलेब्या तळतात, आणि सगळं गाव रात्रीच्या नाटकासाठी दुपारीच जागा धरून ठेवतं. जागा धरायची म्हणजे मैदानात आपलं पोतं अंथरून निघून जायचं. मला हे ठाऊक नव्हतं. एक रिकामं पोतं बघून मी बसले, आणि थोड्या वेळानं एक म्हातारी समोर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“बाई, हे पोतं कोणाचं आहे?”

“रिकामं होतं म्हणून बसले.”

“रिकामं कुठून? माझ्या लेकीचं आहे ते. ते सासरून येऊन राहिली.”

पुण्यात खुर्चीवर क्रमांक असतो तरी लोक हमरीतुमरीवर येतात. इथं नुसतं पोतं पडलेलं असतं आणि दिवसभर त्याला कुणी हात लावत नाही, पुण्याहून आलेली एखादी सोडली तर. म्हातारीनं मग मला सरकून अर्धं पोतं दिलं, आणि नाटकभर तिच्या लेकीचं लेकरू माझ्या मांडीवर झोपलं.

तिकडचं नाटक रात्रभर चालतं. तो सगळा पट मी सांगत बसत नाही. सांगण्यासारखी गोष्ट अशी, की हळदीचं पद शेवटच्या अंकात येतं, म्हणजे बरोबर झुंजुमुंजू झाल्यावर. दिव्यांचा पिवळा उजेड फिका पडत असतो, पूर्वेला फटफटत असतं, आणि त्या मिसळत्या उजेडात हळदीचं ताट रंगमंचावर येतं. आमच्या थिएटरात ही सोय नव्हती, आणि पैसे मोजूनही ती होण्यातली नव्हती. पहिली जळजळ मला तिथंच झाली.

बेबी मंदा पंचविशीची, कोवळ्या गळ्याची पोरगी. ‘हळद तुझी गे’ला तिचा आवाज कापला, ‘मम मन’ला हुंदका आला, आणि ‘झाकून’ला तिनं ताटासकट लोटांगण घातलं. मैदान हमसून रडलं. मग शिट्ट्या, मग वन्समोअर, आणि बाईसाहेब डोळे पुसून पुन्हा पहिल्यापासून तितक्याच रडल्या. मला फार बरं वाटलं. एखादीचं गाणं न आवडण्याचं सुख काही वेगळंच असतं.

सकाळी चहाच्या टपरीवर गुरुजींनी मला विचारलं, “तुमाले कशी वाटली?”

“गळा गोड आहे,” मी म्हटलं. “पण ती सवतीला हळद लावत नव्हती. समोर बसलेल्यांना लावत होती.”

दामोधरजी चहा फुंकायचे थांबले. गुरुजींनी आपलं स्टूल माझ्याजवळ ओढलं. “बाई,” ते म्हणाले, “कोंढ्याले तुमी पुढंच बसा. मी माझं पोतं तुमाले देतो.”

कोंढा

कोंढा जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पवनीकडे. दामोधरजींनी कुणाची तरी जीप मिळवली. रस्ताभर कापलेलं धान बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या वावरात, आडवं पडलेलं, मधेच एखादं मोठं तळं, त्यात कमळाची पानं आणि पानांवर पाय ठेवत चालणारे पक्षी. सुगंधाबाई प्रत्येक तळ्याचं नाव सांगत होत्या. मी मान डोलवत होते आणि मनात कौसल्याबाईंना सुनवायची वाक्यं जुळवत होते. एकही वाक्य धड जुळलं नाही, कारण प्रत्येक वाक्याच्या शेवटी यांचं तोंड समोर यायचं.

हे भेटले ते मांडवाजवळ, पेटीचा भाता पुसत बसलेले.

“तू?”

“मी.”

“अगं, कळवायचं तरी.”

“का? हात चुकला असता?” मी म्हटलं. यांनी भाता जरा जास्तच पुसायला घेतला.

त्या गावाची एक रीत आहे. जो शेतकरी राजा होतो, त्याच्याच घरी नायिकेचा मुक्काम असतो. राजा होते गणपतभाऊ, मिशीवाले, आणि दुपारपर्यंत खळ्यावर राबून आलेले. त्यांच्या बायकोचं नाव यमुनाबाई. मी गेले तेव्हा त्या अंगणात तांदळाच्या भाकरी थापत होत्या.

“या बाई, बसा,” त्या म्हणाल्या. “दरसाल माझा नवरा माझ्या डोळ्यापुढं दोन बाया करते, अन् त्या दोघींले मीच भाकर वाढते. पाय, ते बसली माझी मोठी सवत!”

पायरीवर गळ्याला मफलर गुंडाळून एक चाळिशीची बाई चहा पीत होती. हाडकुळी, कपाळ रुंद, डोळे शांत. तीच कौसल्याबाई. यमुनाबाईंच्या थट्टेवर ती नुसती हसली. मास्तरांची बायको आल्याचं कुणीतरी सांगितलं, तशी तिनं हसू आवरलं, नमस्कार केला, आणि माझ्याकडे फार वेळ बघितलं. मीही तिचा गळा बघत होते. आम्हा दोघींकडे बघता बघता यमुनाबाईंची भाकर तव्यावर करपली.

पहाटे ताट आलं. मी गुरुजींच्या पोत्यावर अगदी पुढं बसले होते. रंगमंचाच्या कडेला पेटीमागे हे. गणपतभाऊ राजाच्या अंगरख्यात ताठ उभे, आणि यमुनाबाई माझ्या शेजारी तोंडाला पदर लावून.

कौसल्याबाईंनी ‘उजव्या करी’ उचललं आणि पहिल्याच सुराला मला कळलं, की या बाईला दम लागणं म्हणजे काय ते ठाऊक नाही. आवाज काही फार गोड नव्हता, थोडा जाडाच होता. पण एका श्वासावर ती ओळ इतकी लांबवर नेत होती, की माझीच छाती दुखायला लागली. मग ‘हळद तुझी गे’. आणि थांबली.

यांचा सूर एकटा राहिला. माझा सूर. हळदीचा हात सवतीच्या गालाजवळ नेऊन ती आपल्याच बोटांकडे बघत होती. अंगठा बोटांवरून हळूच फिरला आणि उजाडत्या प्रकाशात चिमूटभर हळद खाली झडली. मैदानात कुणी खोकलं नाही. ती हळद लावणार नाही, हात मागे घेणार, असं एकदा वाटलं. मग तिनं आवाज अगदी खाली आणून ‘डाव्या करी मम मन’ म्हटलं.

‘एक लाविते तुझिया गाली’ला तिनं हळद लावली, आणि तिथं ती दुसऱ्यांदा थांबली. उन्हाळ्यात यांची बोटं थांबली होती ती हीच जागा. ती आता डाव्या हाताकडे बघत होती. मूठ मिटलेली. त्या मुठीत काहीतरी आहे हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसत होतं. पंचवीस वर्षं मी तेच शब्द म्हटले, आणि पंचवीस वर्षं माझा डावा हात पदराखाली रिकामा होता.

मला ती आवडली. आणि ती आवडली याचा मला इतका संताप आला, की डोळ्यांत पाणी आलं. शेजारी यमुनाबाईही रडत होत्या. त्यांनी मला कोपरानं ढोसलं. “तुमाले काहून रडू येऊन राहिलं? नवरा तं माझा आहे,” त्या म्हणाल्या.

कोंढा, सकाळी

यमुनाबाईंच्या अंगणात सगळे न्याहारीला बसलो. हे पेटीचे पट्टे आवळत होते. गुरुजी आणि दामोधरजी आमच्याकडे पाठ करून बसले होते, पण कान मागेच ठेवून. कौसल्याबाई तोंड धुऊन आली ती सरळ माझ्यापुढे येऊन बसली. बोटांवरची हळद अजून गेलेली नव्हती.

“तुमीच का त्या?” तिनं विचारलं.

“कोण त्या?”

“ज्याच्यासाठी मास्तरची पेटी थांबते.”

मी यांच्याकडे बघितलं. यांनी पट्टा आणखी एक भोक आवळला.

“हे पयल्यांदा आले, त्या सालचा पयला खेळ होता,” ती सांगू लागली. “‘हळद तुझी गे’ म्हटलं, अन् मी पुढं निंगाली, तं पेटी मागंच! मास्तर डोळे मिटून बसून. म्या हात वर केला होता, तो तसाच राह्यला. सारं गाव पाहून राहिलं. खेळ झाल्यावर लय बोलली मी मास्तरले. म्हटलं, कोणासाठी थांबता जी? तं म्हणे, हात चुकला.”

“हेच म्हणाले?” मी विचारलं.

“हेच. दुसऱ्या खेळालेबी तेच. मंग म्या म्हटलं, ही पेटी काई सुधरत नाई. आता आपल्यालेच थांबाचं कारण शोधा लागन. शोधलं. लोक म्हणाले वा वा. पण मले तं मालूम होतं, बाई, कोणाच्या तरी जागेवर उभी आहो मी. तुमचं नाव मालूम नाई, तोंड पाह्यलं नाई, अन् तीन साल झाले, तुमचा राग करून राहिली.”

म्हणजे यांनी तिला शिकवलं नव्हतं. दिलं नव्हतं. बोटांनाच माझ्यावाचून पुढे जाता येत नव्हतं. इतक्या दिवसांचं माझं पोटातलं दुखणं एका घोटात उतरलं, आणि भाकर गोड लागायला लागली. पण ती उठेना.

“आता खरं सांगा,” ती म्हणाली. “तिथं थांबून तुमी काय विचार करत होत्या? सवतीचा? मरणाचा? म्या लय डोकं लावलं.”

यांचा हात पट्ट्यावर थांबला. गुरुजींनी उघडपणे मान वळवली.

याचं उत्तर जगात दोघांनाच ठाऊक होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला न्यूमोनिया झाला, आणि तेव्हापासून ती ओळ एका दमात मला पेलत नसे. ‘गे’पाशी छाती रिकामी व्हायची. तालमीत मी एकदा तिथंच अडले, आणि यांनी काही न बोलता सूर धरून ठेवला, मला श्वास मिळेपर्यंत. ते लोकांना अर्थगर्भ वाटलं. रेडिओवर साथीला दुसरे होते, थांबायची सोय नव्हती, म्हणून मी दम संपायच्या आत धावत सुटले. गुरुजींचं ते गणित अगदी बरोबर होतं.

‘सवतीचा’ म्हणाले असते तर खपून गेलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण तिच्या बोटांवरच्या हळदीकडे बघितलं आणि ते जमलं नाही.

“दम लागायचा मला,” मी म्हटलं. “श्वास घेत होते.”

कौसल्याबाई हसायला लागली ती पोट धरून. “अन् मी! मी म्हटलं, एवढं काय दुःख आहे या बाईले!”

“तुम्हाला दम लागत नाही,” मी म्हटलं. “ते पहाटे ऐकलं. ऐकून नुसती जळत होते.”

“जळा,” ती प्रेमानं म्हणाली. “मी काय कमी जळली?”

“आता खरं कळलं. आता थांबाल का तिथं?”

“थांबणं आता माझं झालं, बाई. वापस भेटणार नाई.” आणि तिनं पुढे वाकून बोटांवर उरलेली हळद माझ्या गालाला लावली. “घ्या. झाली फिटंफाट.”

सगळे हसले. मीही हसले. हळद लावायची ती थोरलीनं धाकटीला, म्हणजे या बाईनं स्वतःला थोरली करून मला धाकटी ठरवलं, हे माझ्या ध्यानात यायला जीप भंडाऱ्याच्या स्टँडपर्यंत जावी लागली.

निरोप घेताना गुरुजी माझ्याजवळ आले. “रेडिओवरची ते तुमीच का?” त्यांनी हळूच विचारलं. मी हो म्हणून मान हलवली. त्यांनी माफी वगैरे काही मागितली नाही. थोडा विचार करून म्हणाले, “तरी मास्तर संगतीले पायजे होते.” दामोधरजींना मात्र दोघींपैकी कुणाचंच पटलं नव्हतं. ते बळीरामजींवरच ठाम होते.

हे मला पोचवायला स्टँडवर आले होते, तिथं गाठून मी विचारलं, “मी गाते हे या लोकांना सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर हे दोघं मित्र तुम्हा दोघींना एकमेकींशी ताडून बघत बसले असते,” हे म्हणाले. “मग एक कुणीतरी खाली गेली असती.”

“कोण?”

यांनी एसटीची पाटी वाचायला घेतली. मीही ताणलं नाही.

या उन्हाळ्यात हे परत आले आणि आम्ही पुन्हा ते पद घेऊन बसलो. पहिल्या जागी मी थांबते, कारण तिथं मला अजून श्वास लागतो, आणि यांचा सूर अजून तिथं असतो. दुसऱ्या जागी, ‘तुझिया गाली’ला, यांची बोटं अजूनही थांबतात, डोळे अजूनही मिटतात. तिथं मी थांबत नाही. ‘दुजे ठेविते झाकून’ म्हणत एकटीच पुढे निघून जाते, आणि यांना पेटी घेऊन माझ्या मागून धावत यावं लागतं.